अप्पांची काळी जीभ

रविवारी पहाटे नांदेडच्या बसस्थानकाबाहेर आमची गाडी उभी असायची. ड्रायव्हर चाकाखाली लिंबू ठेवायचा, कुणीतरी नारळ फोडायचं, खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरायचे. सगळे आत बसले की मन्मथअप्पा गाडीच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "आता ऐका. आज आपल्यातलं कोण कशानं मरू शकतंय ते सांगतो."

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तोंडातलं खोबरं तसंच राहिलं. मी शाळामास्तरीण. डोंगर चढायला जाते म्हटल्यावर घरात आधीच तोंडं वाकडी झालेली, आणि इथे हा म्हातारा कपाळाला भस्माचे पट्टे ओढून आमची मरणं वाटत होता. शेजारी बसलेली सुमन वाघमारे सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. ती हळूच म्हणाली, "घाबरू नका बाई. दर रविवारी मारतेत ते आम्हाला."

अप्पांचं चालूच होतं. "सिस्टर, तुमच्या बुटाचे तळवे गुळगुळीत झालेत. ओल्या खडकावर तुमचा नंबर पहिला. हे जोशी मास्तर बीपीची गोळी खाऊन आलेत अन् बाटली आणलीय अर्धी. ह्येंना ऊन घेऊन जाईल. अन् ह्या नव्या बाई लई बोलतेत. बोलत बोलत मागं राहतील, वाट चुकतील." मग सगळ्यांकडे एकदा नजर फिरवून म्हणाले, "कळलं? आता ह्यातलं एक बी होऊ द्यायचं न्हाई. चला."

आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणणाऱ्यालाही चार जण अडवतात, 'येतो म्हण' सांगतात. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं, दिवा विझवायचा झाला तर शांत करायचा. अशा मुलखात हा माणूस नारळ फोडल्यावर मढी मोजायला बसायचा. ड्रायव्हर तर अप्पांनी तोंड उघडलं की खाली उतरून बिडी ओढायचा, म्हणजे कानावर पडायला नको.

अप्पा मूळचे जळकोटचे. लिंगायत व्यापाऱ्याचं घर, नांदेडच्या जुन्या बाजारात दोरखंड, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान. तरुणपणी बापाशी भांडून हिमालयात गिर्यारोहणाचं शिक्षण घेऊन आलेले. तिथे त्यांच्या बरोबरीचा एक पोरगा 'काही होत नाही' म्हणत एकटा पुढे गेला तो परत आलाच नाही, एवढंच ते सांगायचे. त्यापुढे विचारलं की दोरीचं गुंडाळं उलगडून पुन्हा गुंडाळायला लागायचे. पण त्या तीन शब्दांवर त्यांचा दात होता. म्हणायचे, "कुणी 'काही होत न्हाई' म्हनलं की मी आधी त्याच्या घरचा फोन नंबर लिहून घेतो. लागतोय नंतर."

माणूस गोड होता असं मी मुळीच लिहिणार नाही. अप्पा तापट होते, स्वतःच्या ज्ञानाची घमेंड होती, आणि चारचौघांत कुणाचाही पाणउतारा करायला त्यांना कमीपणा वाटायचा नाही. केसाला सुगंधी तेल लावून आलेल्या एका वकीलसाहेबांना त्यांनी नळाखाली डोकं धुवायला लावलं होतं. आमच्याकडच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. वास, धूर आणि गोंगाट या तिन्हींचा त्या माश्यांना तिटकारा. "तुमचा वास त्येंला आवडत न्हाई, अन् न आवडलं तर त्या तुमच्यासारखी नोटीस पाठवत न्हाईत," असं अप्पा त्या वकिलाला म्हणाले. वकीलसाहेब पुन्हा आले नाहीत.

पण माझं वाट चुकण्याचं भाकीत मात्र मी महिनाभरात खरं केलं. किनवटच्या सागवानात मी आणि सुमन बोलत मागे राहिलो आणि बघता बघता पुढच्यांचा आवाज बंद झाला. चारी बाजूंना सारखीच झाडं, सारखीच वाळकी पानं. मी घाईघाईने एका दिशेला निघाले, तर सुमनने माझा दंड धरून मला खाली बसवलं. "अप्पा काय सांगतेत? वाट चुकली की बूड टेकायचं. बसलेला माणूस सापडतंय, हिंडणारा न्हाई." तिने शिट्टी काढली, तीनदा वाजवली, थांबली, पुन्हा तीनदा वाजवली. मधल्या वेळात ही बाई शांतपणे बाटलीतलं पाणी घोट घोट मला पाजत होती.

अप्पा आले ते पानं तुडवत, लालबुंद होऊन. धीर बीर काही नाही. आधी दोघींच्या बाटल्या हलवून पाणी किती उरलंय ते बघितलं. मग मला म्हणाले, "तुमची जीभ जरा कमी चालली तर पाय चांगले चालतेल."  आणि खिशातून गुळाचा खडा आणि शेंगदाणे काढून सुमनच्या हातावर ठेवले. अप्पांच्या राज्यात ही मोठी पदवी होती. सुमन दिवसभर खुशीत होती.

जोशी मास्तरांचं तर मी डोळ्यांनी बघितलं. फाल्गुन संपत आला होता, ऊन चढलं होतं आणि माथा अगदी समोर दिसत होता. मास्तर असंबद्ध बोलायला लागले. आम्ही हसत होतो, आम्हाला वाटलं गंमत करतायत. अप्पांनी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि ओरडले, "घाम बंद झालाय ह्येंचा. खाली बसवा. सावली करा." सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी त्यांनी मास्तरांच्या डोक्यावर, काखेत, मांड्यांवर ओतायला लावलं, टॉवेलांनी वारा घालायला लावला, आणि माथा न बघता सगळी टोळी मागे वळवली. पोरं कुरकुरली. अप्पा म्हणाले, "डोंगर कुठं पळून जात न्हाई. माणूस जातंय."

मास्तर वाचले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडा उशीर झाला असता तर हाती लागले नसते. यावर मास्तरांच्या घरून काय यावं? पेढे राहिले बाजूला, मास्तरांची बायको गल्लीभर सांगत सुटली की त्या दुकानदाराने सकाळीच म्हटलं होतं, ह्यांना ऊन घेऊन जाईल, आणि तसंच झालं बघा. वाचवलं ते गेलं चुलीत, बोलला ते तेवढं लक्षात राहिलं. मी अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. तेव्हा हसू शकत होते.

पुढे टोळी वाढली आणि तिच्यात दिगंबर आला. शिकवणी वर्गांचा मालक, जिभेवर साखर, खिशात कायम दुसऱ्याच्या सत्काराची योजना. त्याने टोळीचं प्रतिष्ठान केलं, एकसारखे शर्ट शिवले, फलक छापला. एक दिवस अप्पांचा हात हातात घेऊन म्हणाला, "अप्पा, तुम्ही आमचे वडील. पण सकाळी सकाळी ते मरणाचं नका ना बोलू. नवीन लोकं घाबरून राहिलेत. जरा पॉझिटिव्ह बोलायला पाहिजे."

"लोकं घाबरावेत म्हणूनच बोलतोय की," अप्पा म्हणाले. "घाबरलेला माणूस पायाकडं बघून चालतंय."

शेवटी असं ठरलं की आधी प्रार्थना, मग सगळ्यांचा फोटो आणि त्यानंतर अप्पा. फोटो झाला की सगळे आपापल्या फोनमध्ये तोंड खुपसायचे आणि अप्पा दारात उभे राहून सीटांच्या पाठींना मरण समजावून सांगायचे. सुमन आणि मी तेवढ्या ऐकायचो.

मग दिगंबरने अप्पांचा सत्कार ठरवला. अप्पांना न कळवता, आणि तोही जळकोटकडच्या एका कड्याखाली, म्हणजे त्यांच्या जन्मगावच्या बाजूला. कड्याचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांचा यात काही दोष नव्हता. कड्याच्या पोटात महादेवाची गुहा आहे. तिच्या तोंडाशी सतरंजी अंथरलेली, हलगीवाले बोलावलेले, शाल, नारळ, हार, फटाक्यांची माळ. उदगीरहून एक वजनदार पाहुणे आले होते. आमच्याकडे मानाच्या माणसाला मनगटावर इत्तर लावतात. निजामाचं राज्य गेलं, ते इत्तर राहिलं. पाहुण्यांना तर इतकं चोपडलं होतं की वाऱ्याने वास खालपर्यंत येत होता.

अप्पा वर आले, थांबले, आणि पाहुण्यांकडे न बघता मान वर करून कड्याकडे बघत राहिले. वर काळी मोहोळं ओळीने लटकली होती.

"हलगी बंद करा," ते हळू आवाजात म्हणाले. अप्पांना एवढं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "माळ पिशवीत घाला. ज्येनं ज्येनं इत्तर लावलंय त्येनं आधी खाली उतरा. कुणी पळू नका, कुणी बोलू नका. उगी चला."

दिगंबर हसत पुढे आला. "अप्पा, पाहुणे लांबून आलेत. दोन मिनिटं फक्त. शाल तरी घेऊ द्या. काही होत नाही."

झालं. तिथे अप्पांचा तोल गेला. "शाल?" ते म्हणाले. "ही शाल इथं कुणाच्या तरी मढ्यावर टाकायची येळ येईल. आज न्हाई तर पुढच्या बारीला. हितंच येईल, ध्यानात ठेवा."

पाहुण्यांनी फेटा काढून सतरंजीवर ठेवला आणि तरातरा खाली निघाले. आमच्या भागात माणूस उपाशी राहील, पण सत्काराला नाही म्हटलेलं पचवून घेणार नाही. त्यांच्यामागे सगळेच गुपचूप उतरले. एक माशी उठली नाही. कुणाला साधं खरचटलंही नाही. गाडीत बसल्यावर कुणीतरी म्हणालं, "बघा, काय झालं? उगाच पाहुण्याचा अपमान." मला त्या माणसाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. काही झालं नाही ते का झालं नाही, हे त्या गाडीतल्या कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही. टळलेलं संकट दाखवता येत नाही. अप्पांनी आयुष्यभर तोच माल विकला आणि तो कुणाला दिसला नाही.

अप्पांना कुणी काढलं नाही. नुसतं कळवायचं बंद केलं. मीही जायचं सोडलं. सुमन मात्र जात राहिली. मी तिच्याशी भांडले, तर म्हणाली, "बाई, माझा बी जीव न्हाई लागत तिथं. पण मी गेले न्हाई तर पट्टी बांधणारं सुदिक कुणी राहणार न्हाई. त्येंचं शिकवणं कुठंतरी कामी यावं की."

पुढच्या हिवाळ्यात प्रतिष्ठानचा वर्धापनदिन त्याच कड्याखाली झाला. पाहुणे तेच. राहिलेला मान पुरा करायचा होता ना. या वेळी अडवायला अप्पा नव्हते. सुमनने म्हणे दोनदा सांगितलं, माळ खाली वाटेवर लावा. दिगंबर म्हणाला, सिस्टर, तुम्ही पण अप्पांसारखं नका सुरू करू.

जे तिथे होते त्यांनी मला जे सांगितलं तेवढंच लिहिते. माळ पेटली, धूर वर गेला आणि आकाश खाली आलं. ज्यांनी अप्पांचं कधीकाळी ऐकलं होतं ते तोंड झाकून सरळ खाली पळाले, हात न झाडता. सुमनही पळू शकली असती. पण पाहुणे सतरंजीवर उभे राहून दोन्ही हातांनी माश्या मारत होते आणि सगळं मोहोळ त्या इत्तरावर येऊन बसलं होतं. सुमनने आपली ओढणी काढून त्यांच्या डोक्यातोंडाला गुंडाळली आणि त्यांना ओढत गाडीपर्यंत आणलं. ओढणी एकच होती. पाहुणे चार दिवसांत घरी गेले. सुमनचा जीव दवाखान्याच्या वाटेवरच गेला, स्वतःच्याच दवाखान्याच्या.

पाहुणे अजून सत्कार घेतात. मी वर्तमानपत्र उघडते तेव्हा ते पान आधी उलटते.

सुमनच्या घरी बुद्धवंदना चालू होती तेव्हा अप्पा आले. आत यायचं धाडस होईना, रस्त्यावरच उभे राहिले. आमच्या घोळक्यात दिगंबर डोळे पुसत होता. आणि पुसता पुसता म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अप्पा त्या दिवशी बोलूनच गेले होते. हितंच मढं पडेल म्हणून. काळी जीभ आहे हो. लागतं असल्या माणसाचं."

मला वाटलं, आता कुणीतरी याची गचांडी धरेल. कुणी धरली नाही. उलट माना हलल्या. जोशी मास्तरांची बायको म्हणाली, "आमच्या ह्यांना पण असंच म्हनले होते." ज्या मास्तरांच्या डोक्यावर अप्पांनी स्वतःच्या वाटचं पाणी ओतलं होतं, ते मास्तर शेजारी उभे राहून चपलांकडे बघत होते. मी बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले, फटाके कुणी लावले ते विचारलं. बायांनी मला बाजूला नेलं, मैत्रीण गेल्याने बाईंचं डोकं ठिकाणावर नाही म्हणाल्या.

सुमनचा भाऊ तेवढा बाहेर आला. त्याने अप्पांचा हात धरला. "आमच्यात असलं काही मानत न्हाईत अप्पा. माझी बहीण तुमचं नाव काढायची. आत या." अप्पा आत गेले आणि वंदना संपेपर्यंत खाली बसून राहिले.

पण एका भावाच्या म्हणण्याने काय होतं? बाजाराला गोष्ट मिळाली होती. मंडपवाला लग्नाच्या मांडवाची दोरी दुसरीकडून घ्यायला लागला. शेजारचा भांडीवाला मुलीला बघायला पाहुणे यायचे असले की त्यांना अप्पांच्या दुकानावरून न नेता मागच्या बोळाने न्यायचा. समोर कुणी काही म्हणत नव्हतं. नमस्कार अप्पा, बरं हाय का अप्पा, सगळं व्यवस्थित.

मी एक दिवस दुकानात गेले. अप्पा गादीवर बसले होते. मला बसायला सांगून म्हणाले, "बाई, एक विचारू? मी बोललो म्हणून झालं का?"

माझं डोकंच फिरलं. "अप्पा, तुम्ही असं विचारता? अक्कल गहाण टाकली का? तुम्ही बोलायचात म्हणून आम्ही जिवंत परत यायचो."

"जिवंत परतलेलं कुणाच्या ध्यानात राहतंय, बाई?" ते म्हणाले. "मी त्या दिवशी 'हितंच' म्हनलो. दुसरं कायबी म्हनता आलं असतं. नुसतं उतरा म्हनलो असतो तर भागलं असतं की."

मी तासभर बोलले. माश्या, धूर, वास, सगळं त्यांचंच त्यांना शिकवलं. ते हो हो करत राहिले. पटवून घ्यायची त्यांची इच्छा होती, हे मला दिसत होतं. पटत नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडल्यापासून बाजार त्यांना जे सांगत होता, त्याच्यापुढे माझ्या तासाभराचं काय चालणार?

हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल सहस्रकुंडला जायची होती. मी मुद्दाम सगळ्यांना अप्पांच्या दुकानात घेऊन गेले. म्हटलं, अप्पा, धबधब्याजवळचे खडक, पाण्याची ओढ, काय काय बघायचं ते सांगा यांना. अप्पांनी एकेकाच्या पायाकडे बघितलं. एका शिक्षिकेच्या पायात गुळगुळीत चपला होत्या, तिथे नजर थांबली. तोंड उघडलं. मग मिटलं.

"जाऊन या," म्हणाले. "आल्यावर सांगतो."

आम्ही सुखरूप आलो. चपलांचं मीच सांगितलं होतं. परत आल्यावर मी दुकानात जाऊन म्हटलं, आलो सगळे, आता सांगा. अप्पा म्हणाले, "आलात न्हवं? मग झालं."

या पावसाळ्यात दुपारी दुकानातच बसल्या जागी त्यांचं हृदय थांबलं. समाधी जळकोटला, त्यांच्या शेतात. नंतर व्यापाऱ्यांच्या सभागृहात शोकसभा झाली, आणि अध्यक्षस्थानी कोण, तर दिगंबर. तो चांगला बोलला, तो नेहमीच चांगला बोलतो. म्हणाला, "अप्पा म्हणजे अत्यंत मितभाषी व्यक्तिमत्त्व. शेवटी शेवटी तर ते मौनातच असायचे. ही साधना असते. आपण सर्वांनी त्यांच्याकडून हे शांत राहणं शिकलं पाहिजे."

लोकांनी माना डोलावल्या. नवीन पोरांना खरंच वाटत होतं की अप्पा असेच होते, दुकानात गप्प बसणारे. मला सहन झालं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा शांत नव्हते. त्यांना तुम्ही गप्प बसवलं. फटाके लावणारे तुम्ही, आणि..."

कुणीतरी माझा पदर ओढला. मी झटकला. पुन्हा ओढला. बघते तर पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसलेल्या शिवलीला आक्का, अप्पांच्या बायको. डोळे सुजलेले, चेहरा घाबरलेला. माझा हात दोन्ही हातांत धरून त्या पुटपुटल्या, "बसा बाई. पाया पडते. आता तुम्ही नका बोलू. त्येंच्या बोलण्यानंच गेली की ती पोर."